कटाचा दावा तपासताना : कोणता पटण्याजोगा आणि कोणता नाही, हे ठरवण्याची पद्धत

नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांशी जोडलेले दोन मोठे दावे गेल्या तीन दशकांत देशभर गाजले. पहिल्या दाव्यानुसार सरकारी मुद्रांकांची नक्कल छापून ती बँका, विमा कंपन्या आणि शेअर दलालांना विकली जात होती, छपाईची काही यंत्रे इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली होती आणि पोलीस व अधिकारी पैसे घेऊन डोळेझाक करत होते. दुसरा दावा जून २०२३ मध्ये आला. ८८,०३२.५ कोटी रुपये मूल्याच्या ५०० च्या नोटा छापखान्यांतून बाहेर पडल्या, पण रिझर्व्ह बँकेपर्यंत पोहोचल्याच नाहीत, असे त्यात म्हटले होते. पहिला दावा ऐकताना अविश्वसनीय वाटतो, तर दुसऱ्याला माहिती अधिकारातून मिळालेल्या आकड्यांचा आधार होता. तरीही पहिला खरा निघाला. या घोटाळ्याचा सूत्रधार अब्दुल करीम तेलगी २००१ मध्ये अजमेर येथे पकडला गेला आणि पुढे त्याला ३० वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. दुसरा दावा मात्र आकड्यांच्या चुकीच्या जुळवणीतून उभा राहिलेला होता.

या दोहोंतील फरक निकाल लागण्याआधीही बऱ्याच अंशी ओळखता आला असता, असे माझे ठाम मत आहे. कट होत नाहीत असे म्हणणारा माणूस आणि प्रत्येक गोष्टीत कट पाहणारा माणूस, दोघेही तपासाचे कष्ट टाळतात. खाली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न निरनिराळ्या बाजूंनी विचारलेला आहे: हे खरे असायचे तर आणखी काय काय खरे असावे लागेल?

दावा लिहून काढावा आणि त्याचे तुकडे करावेत

सर्वप्रथम दावा कागदावर एका वाक्यात लिहावा. कोणी, काय, केव्हा, कशासाठी आणि कोणापासून लपवून केले, हे त्या वाक्यात आले पाहिजे. ‘वरच्या लोकांनी सगळे ठरवून केले आहे’ हे वाक्य तपासता येत नाही, कारण ते खोटे ठरवण्याची सोयच त्यात नाही. असे वाक्य सांगणाऱ्याला अदबीने विचारावे की वरचे लोक म्हणजे नेमके कोण आणि त्यांनी कोणत्या दिवशी काय केले. उत्तर मिळाले नाही, तर पुढचा तपास तेथेच थांबतो.

वाक्य नेमके झाले की बहुधा लक्षात येते की एका दाव्यात तीन-चार दावे बांधलेले आहेत. निवडणुकीच्या वादात हे नेहमी घडते. मतदार यादीत दुबार नावे आहेत हा एक दावा आहे आणि मतदान यंत्रात फेरफार झाला हा वेगळा दावा आहे. पहिल्यासाठी याद्या पाहाव्या लागतात, तर दुसऱ्यासाठी प्रत्येक केंद्रावर उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळणारा नमुना १७-क (केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब), मोजणीचे आकडे आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यांचा मेळ घालून पाहावा लागतो. एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही. एक तुकडा खरा निघाला म्हणून संपूर्ण गठ्ठा खरा मानणे ही या विषयातील सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. तेलगी प्रकरणही याला अपवाद नाही. मुख्य घोटाळा सिद्ध झाला, पण नाशिकहून रेल्वेने पाठवलेले मुद्रांक वाटेतून चोरीस गेल्याच्या खटल्यात नाशिकच्या न्यायालयाने २०१८ च्या अखेरीस पुराव्याअभावी सर्व आरोपींना निर्दोष सोडले.

गुप्तता खरोखर आहे का, हे पाहावे

कटासाठी गुप्तता लागते. पुष्कळदा आपल्याला नुकसानकारक वाटणारी गोष्ट उघडपणे, अधिसूचना काढून केलेली असते. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याला या निर्णयांचा फटका बसला, आणि त्यामागे शहरी ग्राहकाला झुकते माप होते असे कोणी म्हटले तर ते राजकीय मत म्हणून पूर्णपणे मांडण्याजोगे आहे. पण निर्णय जाहीर होता, त्याचे कारणही जाहीर होते. त्याला कट म्हटल्याने जबाबदार धरायची व्यक्ती अदृश्य होते आणि खरा जाब विचारायचा राहून जातो.

व्यापारी संगनमत करून, म्हणजे रिंग करून, लिलावात भाव पाडतात हा दावा मात्र खऱ्या अर्थाने कटाचा आहे आणि तो मुळीच हास्यास्पद नाही. भारतीय स्पर्धा आयोगासाठी २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कांदा बाजारांवर मोजक्या मोठ्या व्यापाऱ्यांचा प्रभाव असल्याचे नोंदवलेले आहे. बोली लावणारे थोडे, एकमेकांना ओळखणारे आणि रोज भेटणारे असतील, तर संगनमताला फारशी यंत्रणा लागत नाही. म्हणून या दाव्याला मी ‘शक्य’ या वर्गात ठेवतो, आणि विशिष्ट दिवसाचा विशिष्ट आरोप तपासण्याची रीत सांगतो. त्या दिवशीची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर बाजार समित्या प्रसिद्ध करतात. लासलगावचे दर त्याच दिवशीच्या पिंपळगाव, येवला, मनमाड आणि सोलापूरच्या दरांशी ताडून पाहावेत. सगळीकडे एकदम घसरण असेल, तर कारण बहुधा आवक, मागणी किंवा धोरणात असते. उन्हाळ कांदा चाळीत टिकत नाही म्हणून एकाच वेळी बाहेर पडला, किंवा लाल कांदा लवकर आला, तर भाव कोणी न पाडताही पडतो. एकच बाजार शेजारच्या बाजारांपेक्षा आठवडेच्या आठवडे खाली राहत असेल, मालाची प्रत आणि वाहतूक सारखी असूनही, तर संशयाला जागा आहे आणि तक्रारीसाठी तीच आकडेवारी जोडता येते.

किती माणसे, किती काळ

दाव्यातील गोष्ट घडवायला आणि झाकायला किती माणसे लागतील, त्यांना किती काळ गप्प राहावे लागेल आणि गप्प राहण्यात प्रत्येकाचा काय लाभ आहे, याचा अंदाज करावा. नाशिकच्या इतिहासात खऱ्या कटाचे उदाहरण आहेच. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. क्रांतिकारकांचा हा गट लहान होता, शपथेने बांधलेला होता आणि ध्येयासाठी फासावर जाण्याची त्यातील तरुणांची तयारी होती. गुप्तता टिकण्यासाठी यापेक्षा अनुकूल स्थिती क्वचितच असेल. तरीही काही दिवसांतच साखळी उलगडली. लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणणारा चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला, आणि पुढे कटाच्या खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवले गेले. कृती करण्यापूर्वी थोडा काळ गुपित राखणे शक्य असते, पण घटना घडून सगळे शोधाला लागल्यावर ते वर्षानुवर्षे राखणे फार अवघड असते.

भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ग्राइम्स यांनी २०१६ मध्ये हाच विचार गणिताने मांडला. उघड झालेल्या काही प्रकरणांवरून त्यांनी गुपित फुटण्याचा वेग काढला आणि चंद्रावरील अवतरण बनावट असते, नासाशी संबंधित सुमारे ४ लाख ११ हजार माणसे त्यात गुंतलेली असती, तर ते चार वर्षांच्या आत उघडे पडले असते असा निष्कर्ष काढला. हे गणित जपून वापरावे, कारण कधीच न फुटलेली गुपिते त्यात मोजली जाऊच शकत नाहीत. पण चंद्राच्या बाबतीत त्यावर विसंबण्याची गरजही नाही. त्या काळी अमेरिकेची चूक पकडायला टपलेल्या सोव्हिएत संघाने आक्षेप घेतला नाही, चंद्रावरून आणलेले ३८२ किलो खडक व माती अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी तपासली आणि आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही अपोलो ११ च्या अवतरणस्थळाचे छायाचित्र घेतले. कटाचा दावा टिकवायचा तर आता इस्रोलाही त्यात ओढावे लागते. प्रत्येक नव्या पुराव्यासाठी नवे साथीदार जोडावे लागणे, हे दावा कोसळत असल्याचे लक्षण आहे.

या कसोटीला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो विसरला तर आपण खऱ्या अन्यायाकडे पाठ फिरवू. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, तब्बल ४० वर्षे, उपदंश झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून त्यांच्या आजाराची वाटचाल नोंदवली गेली. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना मिळू दिले नाही. हे कित्येक डॉक्टरांना ठाऊक होते, त्यावर शोधनिबंधही छापले जात होते. ते इतकी वर्षे चालले, कारण ज्यांचे नुकसान होत होते त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. म्हणून माणसांची संख्या मोजताना पीडित कोण आहेत हेही विचारावे. आदिवासी पाड्यावरील, वेठबिगारीतील किंवा वसतिगृहातील मुलांविषयीचा आरोप ‘इतके दिवस लपले असते का’ एवढ्या एका युक्तिवादावर फेटाळू नये.

आकडे हाताने करून पाहावेत

८८,०३२.५ कोटींचा दावा येथे पुन्हा घेऊ. तीन छापखान्यांनी मिळून ५०० च्या ८८१.०६५ कोटी नोटा दिल्या आणि रिझर्व्ह बँकेकडे ७२६ कोटी नोटांची नोंद आहे, म्हणून १५५.०६५ कोटींचा फरक. त्यात नाशिकच्या छापखान्याने २०१५-१६ मध्ये पुरवलेल्या २१ कोटी नोटा मिळवून एकूण १७६.०६५ कोटी नोटा गहाळ, असा तो हिशेब होता. आकडे अधिकृत उत्तरांतून आलेले होते, त्यामुळे पुष्कळ जाणकारही फसले.

पहिली तपासणी वजनाची करावी. एक नोट एक ग्रॅमची धरली तरी १७६ कोटी नोटांचे वजन १,७६० टन होते, म्हणजे दहा टनांचे पावणेदोनशेहून अधिक ट्रक. पहाऱ्यातील छापखान्यांतून एवढा माल बाहेर जाणे, तो साठवणे आणि चलनात आणणे यासाठी किती माणसे लागतील याचा विचार करावा. दुसरी तपासणी तुलनेची. दोन्ही बाजूंचे आकडे एकाच कालावधीचे आणि एकाच वस्तूचे आहेत का? नव्या रचनेची ५०० ची नोट नोव्हेंबर २०१६ मध्ये चलनात आली. मग त्याआधी संपलेल्या आर्थिक वर्षातील पुरवठा त्याच बेरजेत कसा धरायचा, हा प्रश्न कोणीही कागद-पेन्सिल घेऊन विचारू शकला असता. रिझर्व्ह बँकेने १७ जून २०२३ रोजी खुलासा केला की छापखान्यांच्या उत्तरांचा चुकीचा अर्थ लावला गेला असून पुरवलेल्या सर्व नोटांचा हिशेब लागलेला आहे. ‘बँक तसे म्हणणारच’ हे उत्तर या खुलाशाला पुरत नाही, कारण आकड्यांची फट खुलाशापूर्वीच दिसत होती.

तिसरी तपासणी मला सर्वांत बोलकी वाटते. २०२१ मध्ये नाशिकरोडच्या याच नोट छापखान्यात पाच लाख रुपयांच्या नोटा हिशेबात कमी भरल्या, तेव्हा पोलिसांत तक्रार झाली आणि शहरभर चोरीची चर्चा झाली. तपासात पुढे आले की त्या नोटांचे बंडल चुकून नष्ट करण्याच्या प्रक्रियेत गेले होते आणि संबंधितांनी भीतीपोटी ती चूक दडवली होती. पाच लाखांची तूट जेथे लपली नाही, तेथे ८८ हजार कोटींची लपली असे मानायला फार भक्कम पुरावा लागेल.

याच घटनेतून पुढची पायरीही मिळते. कटाखेरीज कोणती स्पष्टीकरणे शक्य आहेत ती लिहावीत आणि त्यांत निष्काळजीपणा, चूक आणि चुकीवर पांघरूण घालण्याचा प्रयत्न यांना नेहमी स्थान द्यावे. लपवाछपवी आढळली की कट सिद्ध झाला असे आपण लगेच समजतो, पण माणसे गुन्ह्याइतकीच नामुष्कीही लपवतात.

खरे असते तर काय दिसले असते

जून २०२१ मध्ये नाशिकमधील एका ज्येष्ठ नागरिकाच्या अंगाला कोविडची लस घेतल्यावर नाणी आणि चमचे चिकटतात, अशी चित्रफीत सर्वत्र पसरली आणि लशीतून चुंबक किंवा चिप घातली जाते हा दावा घरोघरी पोहोचला. येथे वाद घालण्याची गरजच नव्हती, कारण घरच्या घरी चाचणी करता येत होती. शरीरात चुंबकत्व असेल तर होकायंत्राची सुई त्या जागी वळली पाहिजे, लोखंडाचा कीस ओढला गेला पाहिजे, आणि त्वचेवर टाल्कम पावडर लावल्यावरही वस्तू चिकटल्या पाहिजेत. पावडर लावताच वस्तू घसरल्या, तर कारण घाम आणि त्वचेवरील तेलकटपणा हे आहे. शिवाय लशीची मात्रा अर्धा मिलिलिटर असते. तेवढ्या द्रवात चमचा पेलणारे चुंबक सामावत नाही, आणि लस दंडात दिलेली असताना वस्तू छातीवर व पाठीवर का चिकटाव्यात, याचेही उत्तर दाव्यात नव्हते.

दोन हजारांच्या नोटेत जीपीएस चिप असल्याची २०१६ मधील अफवाही अशीच यंत्राच्या कामाच्या रीतीवर कोसळते. जीपीएसचा भाग उपग्रहाचे संकेत केवळ घेतो. ठिकाण दुसऱ्याला कळवायला वेगळे प्रक्षेपण आणि वीजपुरवठा लागतो.

उलट बाजूचे उदाहरण फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचे आहे. कंपनी प्रदूषणाच्या चाचणीत फसवणूक करते हे खरे असायचे, तर तिच्या गाड्यांतून प्रदूषक वायू प्रयोगशाळेत कमी आणि रस्त्यावर जास्त निघायला हवेत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावर मोजमाप केले, तफावत सापडली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण उघड झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणी ओळखणारी प्रणाली होती. दाव्यातून निघणारे निरीक्षण प्रत्यक्ष मोजमापात खरे निघाले. दावा करणाऱ्याला म्हणून विचारावे: कोणती गोष्ट दिसली तर आपण हा दावा सोडाल? ‘काहीही दिसले तरी नाही’ असे उत्तर आले, किंवा पुरावा नसणे हाच पुरावा मानला जात असेल, तर तपास करण्यासारखे काही उरत नाही.

कागद मिळवावा

मूळ स्रोतापर्यंत जाण्याला पर्याय नाही. फिरत आलेल्या चित्रफितीतील एखादे स्थिरचित्र घेऊन इंटरनेटवर प्रतिमेचा शोध घेतल्यास ती जुनी किंवा परप्रांतातील असल्याचे बऱ्याचदा कळते. सरकारी कारभाराविषयीच्या दाव्यासाठी माहितीचा अधिकार हे साधन आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांसाठी १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. नाशिकरोडचे छापखाने केंद्राच्या अखत्यारीत असल्याने त्यांच्यासाठी केंद्राच्या पोर्टलवर अर्ज करावा. अर्जात ‘का’ विचारू नये. आदेशाची प्रत, नोंदवहीची प्रमाणित प्रत, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची आवक-जावक, असा कागद मागावा. कालावधी आणि वस्तू यांची व्याख्या अर्जातच लिहावी, म्हणजे नोटांच्या प्रकरणासारखी विजोड तुलना होणार नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नाशिकमध्येच आहे.

तपासाला वेळ नसेल तेव्हा

काही दावे कृतीची घाई करतात, आणि तेथे चूक झाल्यास ती दुरुस्त करता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच सुमारास मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या पाच जणांना पोलिसांनी वाचवले. अशा वेळी संशय कितीही खरा वाटला तरी ११२ क्रमांकावर कळवणे, अनोळखी व्यक्तीला जमावापासून दूर बसवणे आणि संदेश पुढे न पाठवणे, एवढेच करावे. दावा खरा असला तरी यात काही बिघडत नाही, आणि खोटा असला तर जीव वाचतो.

निष्कर्ष श्रेणीत लिहावा आणि तारीख टाकावी

खरे किंवा खोटे या दोन कप्प्यांत सगळे दावे मावत नाहीत. सिद्ध, संभाव्य, शक्य पण पुरावा नाही, आणि असंभव, अशा चार श्रेणी पुरेशा आहेत. प्रत्येक तुकड्याची श्रेणी वेगळी लिहावी, शेजारी आजची तारीख आणि कोणता पुरावा आल्यास श्रेणी बदलेल तेही लिहावे. घरातील वडीलधाऱ्यांशी किंवा मित्रांशी बोलतानाही या चार श्रेणी उपयोगी पडतात, कारण त्यांचा संपूर्ण दावा नाकारण्याऐवजी त्यातील कोणता भाग आपल्यालाही पटतो हे आधी सांगता येते.

वैद्यकीय प्रवेशाच्या २०२४ मधील नीट परीक्षेचे प्रकरण या पद्धतीने लिहून पाहण्यासारखे आहे. ४ जूनला निकाल लागला आणि ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे पाहून देशभर पेपर फुटल्याचा दावा झाला. त्या दिवशीच्या नोंदीत ‘काही ठिकाणी पेपर फुटला’ हा तुकडा ‘संभाव्य’ आणि ‘संपूर्ण परीक्षा विकली गेली’ हा तुकडा ‘शक्य पण पुरावा नाही’ असा लिहिणे योग्य ठरले असते. पुढे कळले की ६७ पैकी ६ जणांना वाढीव गुण मिळालेले होते आणि ४४ जणांचे पूर्ण गुण भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरल्यामुळे होते. सुधारित निकालात पूर्ण गुणांचे १७ जण उरले. म्हणजे सर्वांत सनसनाटी वाटलेला आकडा पेपरफुटीचा पुरावा नव्हता. दुसरीकडे, हजारीबाग आणि पाटणा येथे पेपर खरोखर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी मान्य केले, त्याचा लाभ सुमारे १५५ विद्यार्थ्यांना झाल्याचे तपासातून न्यायालयापुढे आले, आणि संपूर्ण परीक्षेचे पावित्र्य भंगल्याचे दाखवणारा पुरावा नसल्याने फेरपरीक्षा नाकारली गेली. त्या तारखेला पहिल्या तुकड्यापुढे ‘सिद्ध’ असे लिहावे लागते, आणि दुसऱ्याची श्रेणी खाली आणावी लागते.